चंद्र, कँडिडेट आणि पायातला खोडा

‘इम्पीड’ म्हणजे अडथळा आणणे. एवढं वहीत लिहून पाठ करता येतं आणि संध्याकाळपर्यंत विसरताही येतं. पण त्या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला पाय दडलाय, त्याचा मूळ अर्थ पायात बेडी अडकवणे असा आहे, हे वाचलं आणि मी ओट्यापाशी उभी होते तिथूनच ओरडले, “अगं, हा तर आपला पायातला खोडा!” आणि ‘एक्स्पिडाइट’ म्हणजे तोच पाय बेडीतून मोकळा करणे! तुंबलेली सरकारी फाइल एक्स्पिडाइट झाली, की तिच्या पायातला खोडा निघाला म्हणायचं. हे मला शाळेत कुणी सांगितलं का नाही?

लेक यंदा बारावीत आहे आणि तिला वकील व्हायचंय. आपल्या कोल्हापुरात 1933 पासूनचं शहाजी लॉ कॉलेज आहे, पण बाईसाहेबांना मुंबई-नागपूरची विधी विद्यापीठं खुणावतायत. म्हणून राज्याची सीईटीही द्यायची आणि क्लॅटही. सीईटीला इंग्रजीचा स्वतंत्र विभाग. क्लॅटमध्ये 2020 पासून सगळे प्रश्न उताऱ्यांवर, आणि एक उत्तर चुकलं की पाव मार्क गेला. त्यासाठी तिच्याकडे कुठून तरी आलेली हजारो शब्दांची यादी होती, एबीसीडीप्रमाणे लावलेली. अशा याद्या करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार! ‘अबेट’, ‘अबडिकेट’, ‘अबहॉर’ हे तिघं शेजारी राहतात, पण एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पाठ करणारा ‘ए’मध्येच अडकतो.

मग घरात नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आलं. पुस्तक 1949 मधलं, अमेरिकेतलं, पण लेखक समोर बसून शिकवतोय असं वाटतं. तो यादी देत नाही, कुळं देतो. एक धातू धरायचा आणि त्याचं अख्खं गोत गोळा करायचं. ‘इन्ट्रोव्हर्ट’ म्हणजे आत वळलेला, ‘एक्स्ट्रोव्हर्ट’ म्हणजे बाहेर वळलेला. ‘डायव्हर्ट’ होणारा वळतो, ‘ॲडव्हर्सरी’ आपल्याविरुद्ध वळलेला असतो, ‘ॲनिव्हर्सरी’ला वर्ष वळून परत येतं. आणि ‘व्हर्टिगो’मध्ये सगळं घरच गरगर वळतं!

यावर लेक शांतपणे म्हणाली, “वृत्, वर्तते.”

दहावीला मार्कांसाठी घेतलेलं संस्कृत असं कामाला आलं! लॅटिनचा हा धातू आणि परिवर्तन, आवर्तन, निवृत्त यांच्यातला ‘वृत्’ सख्ख्या नात्यातले. मग काय, आम्ही सुटलोच. ‘नॉक्टर्नल’मध्ये संस्कृतातली रात्र, म्हणजे ‘नक्त’. ‘इग्नाइट’मध्ये अग्नी. ‘डेंटिस्ट’मध्ये दंत, हा तर तोंडावरच होता. पण माझा सगळ्यात लाडका चंद्र. त्याचा मूळ अर्थ चकाकणारा, आणि त्याचे लॅटिन भाऊबंद म्हणजे ‘कँडल’, ‘इन्कँडेसन्ट’ आणि ‘कँडिड’. कँडिड म्हणजे आधी शुभ्र, मग निर्मळ, मग मोकळंढाकळं बोलणारा. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडू लावून पांढराफेक केलेला झगा घालून मतं मागत फिरायचा, म्हणून तो ‘कँडिडेट’. आमच्याकडे निवडणूक लागली की कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट रस्त्यावर दिसतात, ते आता मला निराळेच दिसणार.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचं मत असं, की इंग्रजी संस्कृतातूनच निघाली. तसं नाही हो काका. विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याला मांडलं ते वेगळं होतं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं. म्हणजे या बहिणी. आणि इंग्रजीनं तर या तिघींपैकी दोघींकडून पोत्यांनी शब्द उचललेत. शिवाय दिसेल तिथं नातं जोडायला गेलं की फजिती ठरलेली. ‘पेडेस्ट्रियन’मध्ये पाय आहे, ‘पेडियाट्रिशियन’मध्ये नाही. तिथं ग्रीकमधलं मूल आहे.

पण ज्या शब्दानं मी रात्री झोपले नाही, तो ‘सोल्स्टिस’. सोल म्हणजे सूर्य, आणि पुढचा ‘स्टिस’ आपल्या ‘स्था’च्या कुळातला, थांबणारा. सूर्य थांबतो तो दिवस. आता अंबाबाईचा किरणोत्सव आठवा. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत मुखापर्यंत. तारखा कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ: 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. वर्षातून दोनदा का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. कॅलेंडर काढलं आणि बोटांवर मोजलं. नोव्हेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकत राहतो, 21-22 डिसेंबरला थबकतो आणि माघारी फिरतो. परत त्याच रेषेत यायला त्याला जवळजवळ तितकेच दिवस लागतात! दोन्ही किरणोत्सवांच्या बरोबर मध्ये तो सोल्स्टिस बसलाय. हा शब्द आता लेक जन्मात विसरणार नाही.

“आई, मी अभ्यास करतो, तू जरा गप्प बसतीस काय?” ती म्हणते. (आमच्या मुली ‘करतो’च म्हणतात.) पण गप्प कशी बसू? काल सराव पेपरात ‘इग्नॉमिनी’ आला. आत नाम आहे, म्हणजे नाव घालवणे, बेअब्रू. मराठीत काय, तर नामोशी! दोघांत ‘नाम’ बघून मी टाळी द्यायला हात पुढे केला, पण लेकीनं आधी शब्दकोश उघडला. नामोशी आलीय अरबी-फारसी ‘नामूस’वरून, आणि नामूस आलाय ग्रीक ‘नोमोस’वरून. नोमोस म्हणजे कायदा! ‘ऑटोनॉमी’मध्ये बसलाय तोच. वकील व्हायला निघालेल्या पोरीनं कानातला इअरफोन स्वतःहून काढला आणि म्हणाली, “थांब, याचं गोत मी काढतो.”