पडद्यावरचा पट्टा

आमच्या महाविद्यालयाच्या परीक्षा-दालनांत कॅमेरे बसले, तेव्हा मराठी विभागाचा त्यांच्याशी कधी संबंध येईल असे वाटले नव्हते. तो आला मार्च २०१४ मध्ये, आणि तोही एका शब्दापायी.

द्वितीय वर्ष कला वर्गातील एका विद्यार्थिनीवर पर्यवेक्षकांनी गैरप्रकाराचा ठपका ठेवला होता. मागच्या बाकावरून तिला चिठ्ठी दिली गेली, असे त्यांचे म्हणणे. झडतीत चिठ्ठी सापडली नव्हती. उरला तो चित्रणाचा पुरावा. चौकशी समितीत मी सर्वांत कनिष्ठ. मराठीचा, म्हणून अहवाल लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

आम्ही ते चित्रण तीन-चार वेळा पाहिले. पडद्यावर एक रुंद, करडा पट्टा खालून वर संथपणे सरकत होता. वर जाऊन नाहीसा झाला की खालून पुन्हा उगवत होता. नेमक्या त्या घडीला तो मुलींच्या हातांवरून जात होता. पट्टा येण्याआधी एक हात पुढे झालेला दिसे, पट्टा गेल्यावर तो मागे घेतलेला दिसे. मधले सारे धूसर. "दिली बघा!" असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, आणि पुढच्या खेपेस मलाही चिठ्ठी दिसली. मी लिहिले : 'चिठ्ठीची देवाणघेवाण चित्रणात स्पष्ट दिसते.' सर्वांच्या सह्या झाल्या. तिचा निकाल राखून ठेवण्यात आला.

पुढे सुट्टीत कॅमेऱ्यांची दुरुस्ती निघाली. तंत्रज्ञासोबत कोणीतरी थांबायला हवे म्हणून मला थांबवले गेले. विशीतला मुलगा होता तो. मला वाटले, कॅमेरा बदलेल आणि जाईल. पण त्याने प्रथम एक छोटा पडदा शिडीवर नेऊन थेट कॅमेऱ्यालाच जोडला. चित्र लख्ख! "सर, कॅमेऱ्यात दोष नाही. दोष वाटेत आहे," तो म्हणाला.

मग तो एकेक शक्यता वगळत गेला. जोड सैल असता तर चित्र हात लावताच लुकलुकले असते. तसे होत नव्हते. पट्टे दोन असते तर त्याने आधी ॲडॅप्टरवर संशय घेतला असता. येथे एकच होता. शेवटी त्याने कार्यालयातल्या रेकॉर्डरपासून केबल सोडवली आणि केबलची बाहेरची जाळी व रेकॉर्डरची पेटी यांच्यात मल्टीमीटर धरला. जेथे शून्य यायला हवे, तेथे दोन व्होल्टांच्या वर आकडा आला.

कारण त्याने मला समजेल अशा भाषेत सांगितले. कॅमेरा नव्या इमारतीच्या लोखंडी तुळईवर बसवलेला. तिचे अर्थिंग वेगळे. रेकॉर्डर जुन्या इमारतीत. तिचे अर्थिंग वेगळे. दोन्ही 'जमिनीच', पण त्यांची पातळी एक नव्हती. केबलच्या जाळीने त्या जोडल्या गेल्या आणि घरगुती विजेचा ५० हर्ट्झचा प्रवाह जाळीतून वाहत चित्रात मिसळला. पडद्यावरचे चित्रही सेकंदाला ५० वेळा रेखले जाते. दोन्ही ताल अगदी एक असते तर पट्टा एका जागी थांबला असता. त्यांत किंचित फरक असतो, म्हणून तो सरकतो.

त्याने कॅमेरा आणि तुळई यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पट्टी घातली, नायलॉनचे स्क्रू लावले. पट्टा गेला. "काहीजण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात, सर. पट्टा जातो, पण एखाद्या दिवशी माणूसही जायचा. कॅमेरा असा वेगळा करता आला नाही तर आयसोलेटर लावायचा."

मी विचारले, "आता जुनं चित्रण साफ दिसेल?"

"नाही सर. नोंदलं गेलं ते तसंच राहणार. पट्ट्यात विरलं ते आता कुठून आणणार?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. एम.ए.ला पाठचिकित्सा शिकताना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयी वाचले होते. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. वि. सी. सुखठणकरांनी त्या कार्याला पद्धतीची शिस्त दिली. त्या शिस्तीतली एक लहानशी गोष्ट मला फार आवडे : संपादकांनी स्वीकारलेला पाठ जेथे पूर्णपणे निश्चित नसेल, तेथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापलेली असते. आयुष्य हस्तलिखिते ताडून पाहण्यात घालवलेली माणसे 'येथे आम्हांला खात्री नाही' असे छापून सांगत होती. त्यांचे शास्त्र वर्गात शिकवणाऱ्या मी मात्र एका मुलीच्या वर्षाचा प्रश्न असताना 'स्पष्ट' असे लिहिले होते, आणि त्याखाली रेघ नव्हती. सहकाऱ्यांचे 'दिली बघा' हा प्रक्षेपच होता. तो मी मूळ संहितेत घुसू दिला, इतकेच नव्हे तर शुद्ध मराठीत लिहून काढला.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना पत्र दिले : चित्रणात ती कृती दिसत नाही, माझे वाक्य चुकीचे आहे. समिती पुन्हा बसली. ज्येष्ठ सहकारी माझ्याशी पुष्कळ दिवस बोलत नव्हते. "सही करताना डोळे कुठं होते?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. अन्य पुरावा नसल्यामुळे जुलैमध्ये तिचा निकाल जाहीर झाला.

चिठ्ठी दिली गेली होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. ती निर्दोष होती असे मी पत्रात लिहिले नाही. तेही पट्ट्यापलीकडचे वाचन ठरले असते.

आता आमच्याकडे आयपी कॅमेरे आहेत. त्यांत असा पट्टा येत नाही; बिघाड झाला की चित्र गोठते किंवा चौकोनी तुकड्यांत फुटते. मला मात्र तो जुना पट्टा अधिक प्रामाणिक वाटतो. तो निदान आपले अस्तित्व लपवत नव्हता. आम्हीच त्याच्या पलीकडचे पाहून आलो होतो. उत्तरपत्रिकांत 'यावरून स्पष्ट होते की' हे वाक्य आले, की माझे लाल पेन हल्ली त्याखाली आपसूक नागमोडी रेघ ओढते. मुले तिचा अर्थ विचारतात. तेव्हा ही हकीकत सांगतो.