भरपाई

बावधनच्या घरी रात्री महामार्गावरून रुग्णवाहिका गेली की ‘लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले’ हा निकाल आठवतो. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले. वडील दौंडचे डॉक्टर. मुलाला टॅक्सीने पुण्यात आणले गेले. त्याच रात्री तो गेला. पूर्ण भूल न देता, अवाजवी जोर लावून हाड बसवणे हा शल्यवैद्याचा निष्काळजीपणा होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये कायम केले. भरपाई रुपये ३,०००.

अपकृत्याच्या कायद्यातील हा शब्द मराठीच्या मास्तराला खुपतो. भरायचे ते नेमके काय? न्यायाधीश बिघडलेली समता पुन्हा साधतो, असे अॅरिस्टॉटल म्हणतो. पण इथे दुसऱ्या पारड्यात काय ठेवणार? पंधरा वर्षे तो बाप, स्वतः वैद्य असून, पैशासाठी लढला असेल असे मला वाटत नाही. चूक कोणाची, हे कोणीतरी अधिकाराने उच्चारावे, एवढेच त्याला हवे असावे.

रुग्ण हाती घेतला की काळजी घेण्याचे कर्तव्य लागू होते, हे न्यायालयाने सांगितले. पण ते कोणत्या अधिनियमातून आले नव्हते. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, असे मानणारा ऑस्टिन यावर म्हणेल, न्यायाधीशामुखी ती मूक आज्ञाच होती. मला ते पटत नाही. त्या बापाला ते कर्तव्य निकालाआधीच ठाऊक होते.