रिजवरची फट

आमच्या कॅथलॅबमध्ये पल्स्ड फील्डचं, विजेच्या झटक्यांनी पेशी मारणारं, नवं यंत्र आलं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या विद्यार्थिनीनं डाव्या दोन्ही फुप्फुस-शिरा इतक्या झटपट वेगळ्या केल्या, की मी कन्सोलजवळ नुसता उभा राहिलो. आनंद झाला असं म्हणायची रीत आहे. खरं म्हणजे पोटात दुखलं. ज्या रिजवर मी उमेदीची वर्षं घातली, ती तिला अडचण म्हणून दिसलीच नाही.

रिज म्हणजे डाव्या फुप्फुस-शिरा आणि ॲपेंडेज (डाव्या वरच्या कप्प्याची पिशवी) यांच्यामधली स्नायूची अरुंद कड. कॅथेटर तिथे ठरत नाही. श्वासासरशी टोक घसरून शिरेत उतरतं आणि शिरेच्या आत जाळलं तर ती पुढे आखडते. दुसऱ्या अंगाला घसरलं तर ॲपेंडेज. त्याची भिंत पातळ, जोर लावायची सोय नाही. कड स्वतः मात्र जाड, वरवरच्या चटक्याला दाद न देणारी. त्यातून तिच्या बाहेरच्या बाजूनं मार्शलची शीर जाते, ती आतून हाती लागत नाही. ह्यूस्टनच्या वाल्दर्राबानो यांनी त्या शिरेत अल्कोहोल सोडायला सुरुवात केली. 2020 च्या व्हीनस चाचणीत नुसत्या ॲब्लेशननं, म्हणजे कॅथेटरनं जाळून, 38 टक्के रुग्ण तालात राहिले, अल्कोहोलची जोड दिल्यावर 49 टक्के. दारू सोडा म्हणून ज्यांच्या मागे लागायचं, त्यांच्याच हृदयात अल्कोहोल सोडायचं, याची मला अजून गंमत वाटते.

एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बेताल धडधडीचे, ठोके बहुतेकदा या शिरांमधून सुरू होतात, हे बोर्दोच्या हैसागेर यांनी 1998 मध्ये दाखवलं. तेव्हापासून काम एकच: शिरांभोवती व्रणाचा सलग बांध घालायचा. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला बांधात उंदराचं बीळ राहिलं की पाणी नेमकं तिथूनच वाट काढतं, तसंच इथे. पंचाईत अशी, की टेबलावर बांध पक्काच दिसतो. जाळलेल्या जागेला सूज येते, सुजेत प्रवाह अडतो, स्क्रीनवरून शिरेचा सिग्नल गायब होतो आणि लॅबमध्ये शाबासक्या सुरू होतात. सूज काही आठवड्यांत ओसरते. ज्या पेशी मेल्या नव्हत्या, नुसत्या गारठल्या होत्या, त्या जाग्या होतात. म्हणून मी थांबायचो. अशा पेशी उघड्या पाडायला ॲडिनोसिन द्यायचो, पुन्हा रिजवर जायचो. टेक्निशियन घड्याळाकडे बघायचा, भूलतज्ज्ञ माझ्याकडे. पुढे क्लोज प्रोटोकॉल आला: दोन पॉइंटमध्ये 6 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, ॲब्लेशन इंडेक्स (चटक्याचं माप) पुढच्या भिंतीला 550, मागे अन्ननलिका असल्यानं 400. इतरांना ते बंधन वाटलं. मला वाटलं, हे तर माझा हात आधीपासून करतोय.

या गर्वापायी मी बऱ्याच जणांची टिंगल केली. क्रायोबलूनवाल्यांना, म्हणजे फुग्यानं गोठवणाऱ्यांना, मी ‘फुगेवाले’ म्हणायचो. 2016 च्या फायर अँड आइस चाचणीत फुगा आमच्या बरोबरीनं उतरला, तरी म्हणायचं सोडलं नाही. मनसोक्त जाळणाऱ्यांवरचा राग मात्र अजून तसाच आहे. जुनाट फिब्रिलेशनमध्ये शिरांखेरीज वरच्या कप्प्यात आणखी रेघा मारून पदरात काही पडत नाही, हे स्टार एएफ टू चाचणीनं 2015 मध्ये 589 रुग्णांवर दाखवलं. रेघा मारणं थांबलेलं नाही. ‘एका तासात कायमचा इलाज’ असे फलक लावणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

महिन्यातला एक रविवार मी गावी, जळगाव जामोदला, पेशंट बघतो. तिथे रिजचं कुणाला काही पडलेलं नसतं. ॲब्लेशन झालेले भेंडवळकडचे एक काका म्हणाले, “डाक्टरसाहेब, आमच्या गावात आखजीले घट मांडून पावसाचं सांगतात. तसं सांगून टाका ना, हे धडधड वापस येईन का नाही?” मी त्यांच्याकडे पाहिलं. सदऱ्याची बटणं ताणलेली, बीपी वाढलेलं, आणि काकू सांगत होत्या की रात्री घोरता घोरता यांचा श्वासच अडकतो. त्यांच्या रिजची मला खात्री होती, पोटाची नव्हती. ॲडलेडच्या राजीव पाठक आणि प्रशांतन सँडर्स यांच्या 2015 च्या अभ्यासात ज्यांनी दहा टक्के वजन उतरवून ते टिकवलं, त्यांचा ताल टिकण्याची शक्यता सहापट निघाली. कुठल्याही कॅथेटरनं मला सहापट कधी दिलेलं नाही. तरी हा आकडा मी व्याख्यानात शेवटच्या स्लाइडवर ढकलत आलो. वजनकाट्यात माझं कसब कुठे दिसणार?

काकांचं क्रिएटिनिनही बघावं लागलं. हा खारपाणपट्टा, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे किडनीचे रुग्ण गावोगाव. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रान सुमारे 80 टक्के किडनीवाटेच बाहेर पडते, तेव्हा शहरात लिहिलेला डोस इथे डोळे मिटून चालू ठेवता येत नाही.

पल्स्ड फील्डनंतरही काही शिरा पुन्हा जोडल्या जातात, असं परवा वाचलं आणि मला बरं वाटलं. विद्यार्थिनीला हे सांगितलेलं नाही.

ज्यांचं ॲब्लेशन झालंय त्यांना एवढंच सांगतो: पहिल्या दोन महिन्यांतल्या धडधडीनं घाबरू नका, ती आम्ही निकालात धरत नाही. पुढे मात्र कितीही बरं वाटलं तरी ईसीजी आणि होल्टर चुकवू नका, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. परत आलेलं फिब्रिलेशन पुष्कळदा पेशंटला कळतसुद्धा नाही.