कॅन्यनकाठचे सोवळे

ज्याचे सारे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात सामाईक नळावर नंबर लावण्यात गेले, त्याला नळाला नळी जोडायला कुणी शिकवील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. तेही अमेरिकेत, आणि ऐन दिवाळीच्या आदल्या दिवशी!

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता चिरंजीवांकडे फिनिक्सला होतो. "बाबा, यंदा अभ्यंगस्नान ग्रँड कॅन्यनच्या काठावर," असे म्हणून त्याने एक ट्रेलर भाड्याने आणला. ट्रेलर म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायचे बिऱ्हाड. शेगडी, मोरी, संडास, निजायच्या फळ्या... आमच्या वाड्यातल्या दोन खोल्यांत जे नव्हते ते सारे त्यात होते. ३० तारखेला दुपारी दक्षिण काठावरच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये आम्ही ते उभे केले. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि मैला सोडायचे तोंड अशी सोय आहे.

मुलगा आणि सूनबाई दूध आणायला गेली. "पाण्याचे मी बघतो," मी ऐटीत म्हणालो. खालच्या कप्प्यात दोन नळ्या होत्या, एक पांढरी, एक करडी. करडी चांगली जाड दिसली. तिचे एक टोक नळाला पिळले, दुसरे ट्रेलरला लावणार, तोच शेजारच्या ट्रेलरमधले एक वृद्ध गृहस्थ दोन्ही हात वर करून धावत आले. ती नळी मैल्याची टाकी धुण्याची होती! नात माझ्याशेजारी पेला घेऊन उभी होती. माझ्या पायांतले बळच गेले.

माझी आई सोवळ्यातल्या घागरीला शिवू देत नसे, आणि आम्ही शिकलेली मुले तिला हसत असू. इथे नळ्यांनाही सोवळे-ओवळे! पिण्याची नळी पांढरी किंवा निळी. बागेतली हिरवी चालत नाही, कारण तिच्या रबरातून आणि पितळेतून नको ती द्रव्ये पाण्यात उतरू शकतात. दोन्ही नळ्या एका कप्प्यात ठेवणेही वर्ज्य. (हा प्रमाद चिरंजीवांचा.)

"हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही," शेजारी जरा कडक स्वरात म्हणाले. कुठे मुख्य नळ फुटून दाब घसरला, की नळ पाणी देण्याऐवजी ओढू लागतो. नळीचे टोक घाणीत असेल तर ती घाण सगळ्यांच्या पाण्यात! म्हणून तोटीवर उलटे शोषण रोखणारी छोटी झडप असते. तिला हात लावायचा नाही.

नळ फुटणे ही तिथे नुसती कल्पना नव्हे. दक्षिण काठाचे पाणी येते समोरच्या उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून, दरीच्या पोटातल्या साडेबारा मैलांच्या नळाने. तो १९६५ ते १९७० या काळात घातला आणि पुढे वारंवार फुटत आला. आम्ही जाण्याआधी दोनच महिने, ऑगस्ट २०२४ अखेर, तो इतक्या ठिकाणी फुटला की काठावरचे मुक्काम बंद करावे लागले होते.

मग गृहस्थांनी करडी नळी काढली, ब्लीच घातलेल्या पाण्याने तोटीचे तोंड पुसले आणि नळ थोडा वेळ मोकळा सोडला. नंतर एक पितळी तुकडा आधी तोटीला आणि त्यापुढे पांढरी नळी जोडली. हा तुकडा मला झारीतला शुक्राचार्य वाटला. पाणी अडवायचे कशाला? पण अशा वस्त्यांत दाब कधी दर चौरस इंचाला १०० पौंडांवरही जातो आणि ट्रेलरमधल्या प्लास्टिकच्या नळ्यांना ४०–५० पौंड पुरतात. तुकडा ट्रेलरकडे लावला तर ट्रेलर वाचतो, पण नळी फुटते. म्हणून तो नळाकडेच हवा. तोटी हळूहळू उघडायची, आतला पंप बंद ठेवायचा, आणि मोरीखाली हात फिरवून सांधे कोरडे आहेत ना ते पाहायचे. मी दोनदा पाहिले.

संध्याकाळी काठावर गेलो. सूर्य कलला, खालचे खडक तापल्या लोखंडासारखे झाले, आणि सौ. चक्क दहा मिनिटे काही बोलली नाही. याहून अधिक वर्णन मला साधणार नाही.

सात हजार फुटांवरची ती रात्र. नळीत पाणी राहिले तर गोठून नळी आणि पितळी तुकडा दोन्ही तडकतील, असे शेजाऱ्यांनी बजावले होते. म्हणून पांढऱ्या नळीने ट्रेलरची टाकी भरून घेतली, नळी सोडवून रिकामी केली, आणि किडामुंगी शिरू नये म्हणून तिची दोन्ही टोके एकमेकांत पिळून ठेवली.

पहाटे चारला पंप सुरू केला. गरम पाण्याची टाकी सहा गॅलनची, म्हणजे जेमतेम दीड बादली, आणि माणसे पाच! उटणे पुण्याचे होते. कारीट कुठले मिळायला? नातीने एक चिमुकला टोमॅटो डाव्या अंगठ्याखाली चिरडला. माझ्या वाट्याला कोमट पाण्याचे दोन तांबे आले.

उजाडताना फराळाची बशी घेऊन शेजारी गेलो. गृहस्थांनी आधी हात धुतले, मग चकली उचलून सगळीकडून निरखली आणि गंभीरपणे विचारले, "हिला कुठल्या टोकाकडून सुरुवात करायची?"