दोष आढळला नाही

आमची गाडी नवीकोरी, दोन महिन्यांचीही नव्हती. कर्ज काढून घेतली, पण हौसेसाठी नाही. अम्मीचं डायलिसिस सुरू झालं आणि आठवड्यातून दोनदा अक्कलकोटहून सोलापूरला जाणं आलं. एका बाजूचे साधारण 40 किलोमीटर. काही दिवस एसटीने केलं. जाताना ठीक असायचं, पण येताना थकलेल्या अम्मीला गर्दीतून चढवणं होईना, म्हणून शोरूमची पायरी चढलो.

मग गाडी एक विचित्र गोष्ट करू लागली. हॉस्पिटलच्या गल्लीत वळताना डॅशबोर्डचे दिवे क्षणभर मिणमिणायचे, स्टिअरिंगचं चिन्ह पिवळं पेटायचं आणि स्टिअरिंग एकदम जड व्हायचं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या मदतीला विजेची मोटर असते. ती थांबली की सगळा जोर आपल्या हातांनी लावावा लागतो. स्टिअरिंग फिरतं, पण अर्ध्या वळणात, समोर रिक्षा आणि मागच्या सीटवर आई असताना, तेवढाही वेळ मोठा वाटतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक. पुढचे चार दिवस काहीच नाही.

सर्व्हिस सेंटरला तीनदा गेलो. त्यांनी स्कॅनर लावला. कमी व्होल्टेजची एक जुनी नोंद निघाली, ती पुसून टाकली. बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला. "सर, आत्ता करून दाखवा ना," असं म्हणायचे. आत्ता ते होत नव्हतं. जॉबकार्डवर तिन्ही वेळा एकच वाक्य आलं: दोष आढळला नाही. तिसऱ्या वेळी तिथला मुलगा अदबीने म्हणाला, "नवीन गाडी आहे सर, हात बसायला वेळ लागतो." मी कित्येक वर्षं मुलांना शिकवतोय. 'तुम्हालाच जमत नाही' हे किती सभ्य शब्दांत सांगता येतं, ते मला चांगलं कळतं.

आमच्याकडे एक उस्ताद आहेत. साठी ओलांडलेली, शाळा चौथीपर्यंत, हात बसला तो ॲम्बेसिडर आणि जीपच्या वायरिंगवर. मोटार दुरुस्तीत मुसलमान कामगारांचं प्रमाण मोठं आहे, हे सच्चर समितीच्या 2006च्या अहवालातही आलंय. आमच्या भागात त्यासाठी अहवाल वाचावा लागत नाही, दोन-चार गॅरेजात मिस्त्रीचं नाव विचारलं तरी पुरतं.

उस्तादांनी बॉनेट उघडलं, पण कशालाही हात लावला नाही. "वॉरंटी है ना सर? मैं हात लगाया तो सब मेरे पेच ढकलते." मग प्रश्न सुरू झाले. इंजिन गरम असतं का थंड? हेडलाइट चालू असतात? एसी? स्टिअरिंग किती वळलेलं असतं? शेवटी म्हणाले, "तुमे तो मास्तर हैं, लिखते जाव. आनेजानेवाले फाल्ट कू पकडने का नै, उसकी हाजरी लेने का."

मी वहीत हजेरीपटासारखे रकाने आखले. तारीख, वेळ, वेग, रस्ता, काय चालू, काय बंद. अम्मी मागून विचारायची, "लिख लिया क्या?" तीन आठवड्यांत 11 नोंदी झाल्या. हमरस्त्यावर सरळ जाताना एकही नाही. 11 पैकी 9 वेळा गाडी सावकाश, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, एसी किंवा हेडलाइट चालू, आणि त्याआधी गाडी खड्ड्यात आदळलेली.

मी वाचत गेलो, उस्ताद ऐकत राहिले. मग म्हणाले, "अर्थिंग देखेंगे."

गाडीत वीज बॅटरीच्या प्लसमधून निघते आणि लोखंडी बॉडीतून मायनसला परत येते. परतीची ही वाट एका केबलवर आणि तिच्या बोल्टवर असते. तिथे एक दशांश ओहम एवढाच अडथळा असला, तर 5 अँपिअरच्या दिव्याला अर्धाच व्होल्ट कमी पडतो, कुणाला कळतही नाही. पण जागच्या जागी वळताना स्टिअरिंगची मोटर मोठा करंट ओढते. सगळं मिळून 40 अँपिअर झाले की तोच अडथळा 4 व्होल्ट खातो. चौदातले चार गेले तर स्टिअरिंगची मोटर कशी टिकणार? हा हिशेब गेओर्ग ओहमचा, 1827चा. तोही शाळामास्तर, आणि त्याचे वडील कुलपं करणारे कारागीर होते. त्या कारागिरानेच मुलाला गणिताची गोडी लावली.

उस्तादांनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर टेकवली, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडावर. हेडलाइट, एसी चालू, मी स्टिअरिंग फिरवतोय. चांगल्या जोडणीत हा आकडा 0.2 व्होल्टच्या आत राहतो. मीटरवर 0.08. उस्तादांनी लाकडी दांड्याने केबल हलकेच हलवली. 2.6. पुन्हा 0.08. त्यांच्या नातवाने मोबाइलवर सगळं टिपलं. मी पान्याकडे पाहिलं, तर म्हणाले, "खोलने का नै. उनोच खोलेंगे." पैसे घेतले नाहीत. "मैं खोला क्या कुछ?"

वही आणि व्हिडिओ पाहिल्यावर सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी 'दाखवा' म्हणालं नाही. बोल्ट सैल होता आणि खाली लोखंडाऐवजी रंगाचा थर. रंग खरवडला, बोल्ट आवळला, पंधरा मिनिटांत काम झालं. हे सगळं जॉबकार्डवर शब्दशः लिहून द्यायला लावलं, तेव्हाच सही केली. याच गाडीत पुन्हा काही झालं, तर पुढच्या माणसाला सुरुवात कुठून करायची ते कळावं.

मी भाषा शिकवतो, म्हणून त्या जॉबकार्डवरचं जुनं वाक्य अजून सलतं. 'दोष आढळला नाही' आणि 'दोष नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बी.एड.च्या वर्षी खोली शोधत होतो. फोनवर खोली रिकामी असायची, नाव सांगितलं की नुकतीच दिलेली असायची. दर वेळी नाही. एकदा मिळालीही, घरमालकीणबाई ईदला शिरखुर्मा मागून घ्यायच्या. म्हणूनच वर्गातले मित्र म्हणायचे, "असं काही नसतं रे, आम्हाला कधी दिसलं नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यासमोर ते घडतच नव्हतं. ज्याला वळावं लागतं, त्याच्याच हाताला स्टिअरिंग जड लागतं. फक्त सरळ रस्त्यावर गाडी चालवून तपासणाऱ्याला ते कसं कळणार? त्याने निदान 'कधी होतं?' एवढं विचारावं, आणि ज्याला होतं त्याने लिहून ठेवावं.

गाडी आता ठीक आहे. वहीची उरलेली पानं अम्मीची झाली आहेत. डायलिसिसहून घरी आल्यावर कधी कधी तिच्या पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हॉस्पिटलमध्ये असेपर्यंत यातलं काहीच होत नाही. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती पाणी प्यायली, बीपी किती, असे रकाने आखलेत. आतापर्यंत सहा नोंदी झाल्यात. येत्या मंगळवारी डॉक्टरांपुढे ठेवायच्या आहेत.