दोन गुंठ्यांची फोड

केडगावात जमिनीचं बोलणं गुंठ्यात चालतं. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तुकडा. १०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. म्हणून दहावीच्या मुलांना वर्गसमीकरण सांगायचं तर पुस्तकातल्या बागेपेक्षा प्लॉट बरा.

समजा, दोन गुंठ्यांचा आयताकृती प्लॉट आहे आणि लांबी रुंदीपेक्षा ३३ फुटांनी जास्त. रुंदी क्ष धरली की क्ष(क्ष + ३३) = २१७८. इथेच निम्मा वर्ग घसरतो. ‘क्ष = २१७८ किंवा क्ष + ३३ = २१७८’ असं लिहून मुलं मोकळी होतात. पण दोन संख्यांचा गुणाकार २१७८ आहे, एवढ्यावरून त्यातली एखादी कोणती ते कळत नाही. गुणाकार शून्य असेल तर मात्र दोघींपैकी एक शून्य असलीच पाहिजे. अवयव पद्धतीचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. सगळं डावीकडे आणायचं ते त्यासाठीच.

क्ष² + ३३क्ष − २१७८ = ०. आता मधल्या पदाची फोड: गुणाकार २१७८ आणि फरक ३३ अशी जोडी हवी. आकड्यांकडे टक लावून बसण्यापेक्षा २१७८ चे मूळ अवयव पाडावेत: २, ३, ३, ११, ११. त्यातून ६६ आणि ३३ पटकन हाती लागतात. (क्ष + ६६)(क्ष − ३३) = ०. रुंदी ३३ फूट, लांबी ६६. म्हणजे एकाला एक लागून ठेवलेले दोन गुंठेच की!

आता लांबी ३३ ऐवजी ३० फुटांनी जास्त करा. क्ष² + ३०क्ष − २१७८ = ०. कितीही डोकं खाजवलं तरी फोड होत नाही, कारण त्यासाठी विवेचक पूर्ण वर्ग हवा; इथे तो येतो ९६१२ आणि ९८ चा वर्ग ९६०४. आठने हुकलं. रुंदी साधारण ३४.०२ फूट निघते, पण सूत्राने. मधल्या आणि शेवटच्या जागी १ ते १० मधले आकडे घेऊन क्ष² पासून सुरू होणारी, सगळी अधिक चिन्हांची १०० समीकरणं मांडली, तर पूर्णांकांत फक्त १४ ची फोड होते. मुलांना अवयव पद्धत हमखास वाटते, ती गणितं निवडून दिलेली असतात म्हणून. हे त्यांना आधीच सांगायला हवं, असं मला वाटतं.

भास्कराचार्यांनी फोड शोधण्यात वेळ घालवला नाही. ते वर्ग पूर्ण करत. त्यासाठी दोन्ही बाजूंना पहिल्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायची युक्ती श्रीधराचार्यांची. गंमत म्हणजे भास्कराचार्यांची गाजलेली उदाहरणं फोडीनेही सुटतात. ‘लीलावती’तल्या भुंग्यांचा थवा ७२ चा. ‘बीजगणिता’तल्या वानरांच्या एका कळपात एक अष्टमांशाचा वर्ग एवढी वानरं वनात खेळतात आणि उरलेली बारा टेकडीवर असतात: क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०, म्हणजे (क्ष − १६)(क्ष − ४८) = ०. कळप १६ चा किंवा ४८ चा. दोन्ही उत्तरं त्यांनी मान्य केली.

दुसऱ्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग घेतला, तेवढी वानरं गुहेत शिरली. एक फांदीवर दिसलं. क्ष² − ५५क्ष + २५० = ०. फोड सोपी: ५० किंवा ५. पन्नास ठीक. पाच घेतलं तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले, उरले उणे दोन. त्याचा वर्ग चार, फांदीवरचं एक मिळवून पाच. हिशेब चोख जुळतो. तरी भास्कराचार्यांनी पाच सोडून दिले, कारण उणे दोन वानरं लोकांना पटत नाहीत. आमच्या प्लॉटलाही असंच दुसरं उत्तर आहे, उणे ६६ फूट. केडगावची मुलं त्यावर काट मारून पुढे लिहितात: रुंदी ऋण नसते.