दोन काळ्या गोळ्या

१९८७ नंतर भौतिकशास्त्राच्या ज्या-त्या विद्यार्थ्याला यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड बनवायचं होतं. ते ९० केल्व्हिनच्या वरच अतिवाहक होतं आणि द्रव नायट्रोजन उकळतो ७७ ला. हेलियम न परवडणाऱ्या प्रयोगशाळांचीही त्यामुळे सोय झाली. हैदराबादेत एमएस्सीला माझ्या वाट्याला तेच आलं. काचीगुड्याच्या घरून बसने गच्चीबावली गाठायची, की अ‍ॅगेटच्या खलात तिन्ही पावडरी घोटत बसायचं. मनगटं भरून येत.

९०० अंशांपुढे भाजलेल्या एकाच चुऱ्यातून सरांनी दोन गोळ्या दाबून घेतल्या. तापवून झाल्यावर एक लालबुंद असतानाच द्रव नायट्रोजनमध्ये टाकली. दुसरी ऑक्सिजनच्या झोतात रात्रभर सावकाश निववली. ‘दोनो एकीच दिखते ना जी!’ मदतनीस चाचा म्हणाले. दिसतच होत्या. पण तारा जोडून थंड केल्यावर दुसरीचा रोध नव्वदीपाशी कोसळला आणि पहिलीचा वाढतच गेला.

फरक क्ष-किरणांनी दाखवला. पहिलीच्या स्फटिकजाळीचा तळ चौरस. दुसरीत एक बाजू ३.८२ अँगस्ट्रॉम, दुसरी ३.८९, दोन टक्केही नाही! निवताना आत शिरलेला ऑक्सिजन तांब्याबरोबर एकाच दिशेने साखळ्या करतो, चौरसाचा आयत होतो, आणि या साखळ्या शेजारच्या तांबे-ऑक्सिजन थरांतले इलेक्ट्रॉन ओढून घेतात. अतिवाहकता त्या थरांतली.

मग जाळीचं श्रेय किती? यावर सरांच्या खोलीत चहा गार व्हायचा. भौतिकशास्त्रज्ञ म्यूलर ऑक्साइडांकडे वळले ते जान-टेलर विकृतीमुळेच: तांब्याभोवतीचा ऑक्सिजनचा अष्टफलक ताणला गेला, की इलेक्ट्रॉन जाळीशी घट्ट जखडतात. त्यातून १९८६ मध्ये त्यांना आणि बेडनोर्झना लँथॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइड गवसलं. पण आमच्या पदार्थात ऑक्सिजन-१६ ऐवजी जड ऑक्सिजन-१८ भरला तरी अतिवाहक होण्याचं तापमान जेमतेम हलतं. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या निव्वळ जाळीच्या कंपनांनी जुळत असत्या, तर ते चांगलंच उतरलं असतं. तांबं नसलेल्या बिस्मथच्या ऑक्साइडांत मात्र ते ठळक उतरतं. सगळ्या ऑक्साइडांना एकच सिद्धान्त लावण्याची घाई मला तेव्हाही पटत नव्हती.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, ‘तांब्याच्या ऑक्साइडांत जाळीचा हात आहे की नाही?’ मी म्यूलर यांच्याच पदार्थाचा आलेख पुढे केला. बेरियमचं प्रमाण एक अष्टमांशापाशी आलं, की अष्टफलकांचा कल बदलतो आणि अतिवाहकता जवळजवळ संपते.

‘म्हणजे जाळी मोडता घालते, एवढंच कळलं,’ ते म्हणाले. ‘जोड्या कोण जुळवतं?’

त्यावर माझ्याकडे आलेख नव्हता.